न बघता म्हणालीस

क्रिस्टानं पैज लावली ती मी हरणार या खात्रीनंच लावली.

क्रिस्टा म्हणजे माझी एकुलती एक मुलगी. ती कोलंबसला राहते, इथून पावणेदोन तासांवर, आणि रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला फोन करून माझी हजेरी घेते. पुढचं दार लावलंस का? मागचं? रक्तदाबाचं औषध घेतलंस? जेवलीस म्हणजे नक्की काय जेवलीस? डेलमार, माझा नवरा, त्याला जाऊन येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. तो गेल्यापासून तिचा एकच धोशा चाललाय, घर विक आणि इकडे ये. तिच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा आहे. मी बघून आलेय. सगळ्या खोल्यांना एकाच रंगाचे पडदे, आणि जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटलीच नाही. माझ्या या घरात मला दिवा न लावता मीठ सापडतं. चव्वेचाळीस वर्षं काढलीत इथं, गंमत नाही.

सप्टेंबरात आमच्या रस्त्यावरच्या एका कोठाराचं कुलूप कुणीतरी फोडलं. एक करवत आणि वेल्डिंगचं यंत्र गेलं, बाकी काही नाही. पण क्रिस्टाला ते कळलं आणि झालं, डोक्याला ताप सुरू. उद्या तुझ्या घरात शिरले तर काय करशील, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या बाबांचं रिव्हॉल्व्हर आहे की खणात. त्यावर ती हसली. आईला असं हसू नये माणसानं.

"तुला ते धरता तरी येतं का?" म्हणाली. मग तिनंच पैज काढली. आमच्या गावात बर्ल म्हणून एकजण हत्यार बाळगायच्या परवान्याचा वर्ग घेतो, दोन शनिवार मिळून आठ तास. तो मी करायचा. बर्लच्या सहीचा कागद मिळाला तर क्रिस्टा पुन्हा घराचं नाव काढणार नाही. नाही मिळाला तर वसंतात घर विकायचं, आणि मी तोंड वाजवायचं नाही.

मी म्हटलं, ठरलं. एकाहत्तर वर्षांच्या बाईला राग आला की ती काय वाटेल ते कबूल करते.

वर्ग ओढ्यापलीकडच्या शिकारी मंडळाच्या हॉलात होता. बर्ल शाळेत माझ्या मागं दोन वर्ग होता, तेव्हा त्याचं नाक बारा महिने वाहायचं. आता पांढरीशुभ्र दाढी, खर्जातला आवाज, आणि सगळे त्याच्यासमोर हात बांधून बसलेले. आम्ही अकराजण होतो. दातांच्या दवाखान्यातली एक नर्स आणि तिची बहीण, नुकतं लग्न झालेलं एक जोडपं, एक बाप आणि त्याची मुलगी, असे सगळे जोडीजोडीनं आलेले. मी शेजारच्या खुर्चीवर माझा कोट ठेवला, म्हणजे ती रिकामी वाटू नये.

सकाळभर कायदा झाला. हत्यार कुठं नेता येतं, कुठं नाही, पोलिसानं गाडी थांबवली तर आधी काय सांगायचं आणि हात कुठं ठेवायचे. कोटाच्या आत लपवायचं ते कुणाला फसवायला नाही, बर्ल म्हणाला, दुकानात पाव घ्यायला आलेल्या पोराबाळांना धडकी भरू नये म्हणून. मला ते पटलं. दुपारी कुसकरलेल्या कोंबडीचे पाव आणि कॉफी झाली, आणि मग त्यानं त्याची खरी शिकवणी सुरू केली.

बर्लचा नियम असा. कुठलंही हत्यार टेबलावर ठेवायचं किंवा दुसऱ्याच्या हातात द्यायचं तर आधी उघडायचं आणि दोघांनी बघायचं. एकानं दाखवायचं. दुसऱ्यानं आत बघून मोठ्यानं म्हणायचं, "रिकामं." आपल्या एकट्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, कारण डोळ्यांना जे हवं असतं तेच ते बघतात. मग जोड्या लावल्या. अकरातला अकरावा कोण राहणार ते सांगायला नको. शेवटी बर्लच माझी जोडी म्हणून समोर उभा राहिला. त्यानं त्याचं रिव्हॉल्व्हर उघडून माझ्यापुढं धरलं आणि माझ्या तोंडून शब्द असा काही फुटला की तोच चमकून बघायला लागला. त्याला वाटलं मला भीती वाटतेय.

भीती कसली. मी तो शब्द बेचाळीस वर्षं म्हणत होते.

डेलमारची गाड्या ओढून न्यायची गाडी होती. रस्त्यात कुणाचं काय बंद पडेल ते आणायला हा जायचा, कुठंही, कुणाकडंही, म्हणून रिव्हॉल्व्हर कमरेला असायचंच. घरी आला की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा. क्रिस्टा तिथंच गणितं करत बसलेली असायची. गोळ्या भरायचं चक्र बाजूला काढायचा, पाच गोळ्या बशीत ओतायचा आणि ते दिव्यासमोर धरून मला म्हणायचा, "म्हण." मी म्हणायची, "रिकामं." पहिली काही वर्षं मी खरंच बघितलं. मग चुलीकडे तोंड असतानाच म्हणायला लागले.

"न बघता म्हणालीस," डेलमार म्हणायचा.

तू बघितलंस ना, मग झालं की, असं माझं उत्तर. मी बघितलं म्हणूनच तू बघायचं, असं त्याचं. मग मी डाव हातात घेऊन वळायची, डोळे वटारून बघायची, पाच भोकं आणि त्यांच्यातून दिसणारा दिव्याचा पिवळा उजेड, आणि पुन्हा म्हणायची. कित्येक संध्याकाळी आमच्यात तेवढंच बोलणं व्हायचं. मला तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं, उलट वैताग यायचा. आता खरं सांगते, त्याच्या सगळ्या गोष्टींत मला तेच आठवतं. माझं लक्ष नाही हे कळणारं एक माणूस घरात होतं आणि आता नाही.

बर्लनं घरी करायचा सराव सांगितला. रोज दहा मिनिटं, रिकाम्या हत्यारानं. गोळ्या दुसऱ्या खोलीत. समोर विटांची भिंत असेल अशी जागा निवडायची. नळीवर एक नाणं ठेवायचं आणि ते न पडता चाप ओढायचा, असं दहा वेळा. झालं की मोठ्यानं "संपलं" म्हणायचं आणि त्या दिवशी पुन्हा हात लावायचा नाही. अजून एकदाच म्हणणारा माणूसच भिंतीला भोक पाडतो, तो म्हणाला. त्यानं स्वतः अठ्ठ्याऐंशी साली बायकोच्या कपडे धुवायच्या यंत्रात गोळी घातली होती. सगळे खो खो हसले. मग तो गंभीर झाला. ज्याच्या हातून या आठवड्यात घरी गोळी सुटेल त्यानं येऊन सांगायचं. त्याला कागद मिळणार नाही. पुढचा वर्ग मे महिन्यात, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.

"शिक्षा नाही ही," बर्ल म्हणाला. "माझी सही आहे ती. मला झोप लागायला हवी."

आणि जे एकटे राहतात, त्यांनी एकदा बघायचं, नजर दुसरीकडे न्यायची आणि पुन्हा बघायचं. हे तो सगळ्यांना सांगत होता, पण सगळ्यांत एकटी मीच होते.

घरी मी दोन्ही माणसं झाले. टेबलाशी उभी राहून डेलमारच्या जागी मीच म्हणायची, "म्हण." आणि माझ्या जागी मीच म्हणायची, "रिकामं." कुणी ऐकलं असतं तर क्रिस्टाच्या घराजवळच्या त्या जागेतली खोली मला त्याच दिवशी मिळाली असती. गोळ्या पुढच्या खोलीत ठेवत होते, ते सगळं नीट. फक्त विटांची भिंत म्हणजे पुढच्या खोलीतलं धुराडं, आणि ती खोली ऑक्टोबरात गार पडते. स्वयंपाकघर उबदार. तेव्हा मी कोठीच्या दारावर जे पशुखाद्याच्या गिरणीचं कॅलेंडर टांगलंय त्यावर नेम धरायची, ज्या दिवशीची जी तारीख असेल त्या चौकोनावर. माझी पहिली चूक तीच.

बुधवारी, बावीस तारखेला, दहापैकी दोनदा नाणं पडलं. मी "संपलं" म्हटलं. गोळ्या आणून पाच भरल्या, कारण ते उशाशी भरलेलंच असतं. तेवढ्यात सहा वाजले आणि फोन आला.

दार लावलंस का पासून सुरुवात झाली. मग क्रिस्टा जरा घोटाळली आणि तिनं सांगितलं की त्या जागेत माझं नाव तिनं लिहून ठेवलंय. नुसतं लिहून ठेवलंय, आई, जागा भरतात ना लवकर. मी म्हटलं पैज अजून संपलेली नाही. त्यावर ती अगदी मायेनं म्हणाली, "अगं, तू पास होशील असं खरंच वाटतं तुला?" तिरकस बोलली असती तर मी सोसलं असतं. मग मी तिला काय काय बोलले, तिनं मला काय काय ऐकवलं, आणि शेवटी मी फोन आदळला.

दाखवतेच हिला, म्हटलं. दहाच्या दहा, एकदाही नाणं न पाडता. रिव्हॉल्व्हर उचललं. "म्हण," म्हटलं. "रिकामं," म्हटलं. नाणं ठेवलं, बावीस तारखेवर नेम धरला आणि चाप ओढला.

आवाज म्हणजे काय आवाज. कानात शिटी वाजायला लागली ती थांबेचना. नाणं कुठं उडालं ते आजवर सापडलेलं नाही. नेम मात्र अचूक, बावीसच्या दोन आकड्यांच्या मधोमध भोक. कोठीच्या दाराखालून काहीतरी वाहत आलं आणि माझं धाबं दणाणलं, पण ते पीचचं पाणी होतं. दोन बरण्या फुटल्या होत्या आणि गोळी मागच्या फळीत रुतली होती.

मी चक्र उघडलं, चार गोळ्या आणि एक रिकामं कवच बशीत ओतलं, रिव्हॉल्व्हर तसंच उघडं टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसले. आता वेंडल येणार. वेंडल म्हणजे मक्याच्या शेतापलीकडचा शेजारी, त्याच्या खिडकीतला दिवा मला इथून दिसतो. नाहीतर तो कुणाला तरी फोन करणार आणि पोलिसांची गाडी येणार. काय सांगायचं त्याची मी जुळवाजुळव करत होते. मग उठून केस सारखे केले. काचा गोळा केल्या, जमीन पुसली. आणि कॉफी टाकली, मोठं भांडं भरून, येणाऱ्याला विचारायला नको का.

साडेसहा झाले. सात झाले. एक गाडी रस्त्यानं आली, वळणावर जशा सगळ्याच हळू होतात तशी हळू झाली, आणि गेली. आधी मला कुणी येईल अशी भीती वाटत होती. सातनंतर कुणीच येणार नाही अशी वाटायला लागली. मी दाराबाहेर जाऊन उभीसुद्धा राहिले. वेंडलचा दिवा दिसत होता. आठ वाजता मी सगळी कॉफी ओतून दिली.

सकाळी टपालाच्या पेटीशी वेंडल भेटला. काल सहाच्या सुमारास तुझ्या बाजूनं आवाज आला, म्हणाला.

"मिळाला का?" त्यानं विचारलं.

त्याला म्हणायचं होतं, घुशीसारखा तो जो जमीन पोखरणारा प्राणी आमच्या सगळ्यांच्या बागा खातो, तो. आमच्याकडे एक गोळी वाजली की तोच अर्थ. दोन वाजल्या तरी तोच, पहिली चुकली म्हणायची. मी म्हटलं, मिळाला. बरं झालं, तो म्हणाला, आणि मका यंदा वाळतच नाही त्याचं रडगाणं लावलं. मला त्याची कॉलर धरून विचारावंसं वाटलं, अरे बाबा, मीच पडले असते तर? पण वेंडल वाईट माणूस नाही. हिवाळ्यात माझ्या वाटेवरचा बर्फ तोच काढतो, न सांगता. त्याचा काय दोष.

दुसऱ्या शनिवारी मंडळाच्या मागच्या मैदानावर थंडी मी म्हणत होती. सुरुवातीलाच बर्लनं विचारलं, घरी कुणाचं काही झालं का, काही सांगायचंय का. तो नवविवाहित मुलगा म्हणाला, माझं नाणं नव्वद वेळा पडलं, आणि त्याची बायको म्हणाली, त्यातल्या साठ वेळा माझ्या पायावर. सगळे हसले. मीही हसले. माझ्या डोळ्यांसमोर मे महिना होता, आणि वसंतात विकलं गेलेलं घर, आणि एकाच रंगाचे पडदे. मी मूग गिळून बसले.

गोळ्या झाडायची माझी वेळ आली. पंचवीसपैकी चोवीस कागदावरच्या वर्तुळात. डेलमारनं शिकवलं वाटतं, बर्ल म्हणाला. नाही, म्हटलं, त्यानं मला नेम कधीच शिकवला नाही. मग मी चक्र उघडून त्याच्यापुढं धरलं. बर्ल वाकला. दहा माणसांचं बघून झालेलं असूनही त्यानं माझं पहिल्यांदाच बघत असल्यासारखं बघितलं, पाचही भोकं, आणि म्हणाला, "रिकामं." पुरुषाच्या आवाजात तो शब्द ऐकून मला तिथल्या तिथं खाली बसावंसं वाटलं.

टेबलाशी एकेकाला बोलावून तो सही करत होता.

"घरचा सराव नीट झाला, मर्ना?"

"नीट झाला," मी म्हटलं.

त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि सही केली. शाळेत त्याचं नाक पुसायला मी एकदा माझा रुमाल दिला होता, आणि आता त्याच माणसाच्या तोंडावर मी धडधडीत थाप मारली. कागद हातात घेताना मला माझी लाज वाटली. पण घेतला.

गाडीत बसूनच क्रिस्टाला फोन केला. ती मनापासून हसली. "कमाल केलीस, आई," म्हणाली. शब्द म्हणजे शब्द, आता घराचं नाव काढणार नाही. आणि खरंच तिचा जीव भांड्यात पडला होता, ते मला तिच्या आवाजावरून कळत होतं. आता मला झोप लागेल, म्हणाली. रोज रोज फोन करून तुला छळायचं कारण नाही आता. वैतागली असशील ना?

"वैतागलेच होते," मी म्हटलं. माझ्या जिभेला काही हाड?

रविवारी सहाला फोन वाजला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. पुढच्या रविवारी तिनं केला, नातवाच्या शाळेचं सांगितलं, आपली तब्येत बरी आहे असं सांगितलं, आणि ठेवला. तिचं काही चुकत नव्हतं. तिच्या काळजीचा मला जाच होतो असं मीच दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होते. मी सहा वाजता दारं लावायची, पुढचं आणि मागचं, आणि मग लावलीत हे सांगायला कुणी नाही म्हणून स्वयंपाकघरात उभी राहायची. एक तारखेला कॅलेंडरचं पान उलटलं तर नोव्हेंबरलाही भोक, एकोणीसवर. डिसेंबरचं बघितलं, चोवीसवर. नाताळची आदली संध्याकाळ. गोळी पुढच्या सगळ्या महिन्यांतून गेली होती.

बर्लचा कागद घेऊन कचेरीत जायचं, बोटांचे ठसे द्यायचे, फोटो काढायचा, की परवाना मिळतो. मी गेले नाही. कागद फ्रिजवर लावलेला होता आणि येताजाता मला दिसत होता. मी जिंकले होते. घर माझं होतं, आणि त्यात गोळी सुटली तरी कुणाला पत्ता लागत नाही असं ते घर होतं. हे मला नीट समजायला बारा दिवस लागले, आता मंद म्हणा हवं तर.

गुरुवारी सहा वाजता मीच फोन लावला.

"आई? काय झालं?" क्रिस्टा घाबरली होती. देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं.

मी सगळं सांगितलं, एका दमात. बुधवार, फोन आदळल्यानंतरचा राग, भोक, पीचच्या बरण्या, आणि बर्लला मारलेली थाप. उद्या मी त्याला कागद परत देणार आहे, म्हटलं. तेव्हा पैज तू जिंकलीस. मी मान खाली घालून बोलणी खायला बसले होते.

"मग आलं कोण?" तिनं विचारलं.

"कुठं?"

"आवाज ऐकून. बघायला कोण आलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मी कॉफी केली होती."

आणि मग मला रडू फुटलं. डेलमारच्या अंत्यविधीत सगळ्या गावासमोर मी ताठ उभी होते, आणि आता ओतून दिलेल्या कॉफीसाठी रडत होते. क्रिस्टाही रडत असावी, तिचं नाक ओढल्याचा आवाज येत होता. शनिवारी येते, म्हणाली. घराचं तेव्हा बोलू. मी म्हटलं, बोलू. मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं नाही.

"ते कुठं आहे आत्ता?" तिनं विचारलं.

"टेबलावर. उघडं."

"भरलेलं?"

"नाही गं."

"कशावरून?"

दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि तिला म्हटलं, थांब, चेहरा दिसतो तो फोन लावते. तो लावायला मला चार वेळा प्रयत्न करावे लागतात, पण लागला. डाव्या हातात फोन धरला, उजव्या हातानं रिव्हॉल्व्हर दिव्यासमोर.

"म्हण," मी म्हटलं.

"काय म्हणू?"

"बाबा मला म्हणायला लावायचे ते."

तिला आठवलं. गणितं करता करता तिनं ते हजार वेळा ऐकलं असेल. "रिकामं," ती चटकन म्हणाली, माझ्यासारखीच.

"न बघता म्हणालीस."

तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि तिचा चेहरा इतका जवळ आला की मला नुसते तिचे डोळेच दिसायला लागले. ती ओठ हलवत मोजत होती. एक, दोन, तीन.

"पाचही भोकांतून तुझा दिवा दिसतोय," म्हणाली.

"मग?"

"रिकामं, आई."

मी चक्र लावलं, रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवून कुलूप घातलं. क्रिस्टानं विचारलं, मागचं दार लावलंस का. नव्हतं लावलं. मी म्हटलं, लावून येते, तोवर फोन ठेवू नकोस.